पंचाहत्तरचा आकडा

३ फेब्रुवारी, सोमवार. ब्राह्मणपुरी

हसतेय! आई दात दिसेपर्यंत हसतेय. बावीस वर्षांत अशी कधी पाहिली नाही, आणि आता तर ती नाहीच. तिच्या पेटीत साड्यांखाली हा चौकोनी फोटो निघाला. प्रकाशा गावचं नदीकाठचं देऊळ, तिसऱ्या पायरीवर ती. मागे शाईने ‘लेन्स ७५’, बाकी काही नाही.

बापाला विचारलं, कोणी काढला? त्याने पाहिलं न पाहिलंसं केलं. ‘जठे व्हता तठे ठेव.’ आणि केळीला पाणी द्यायला गेला.

आमच्या घरात कधी कॅमेरा नव्हता. मग ती कोणाकडे बघून हसली?

४ फेब्रुवारी

पाय ठरत नाही. सुरतहून आणलेला माझा रीळवाला कॅमेरा पुसला. याच्या झूमवरही ७५ आहे! तो माणूस उभा होता तिथेच जाऊन उभं राहायचं. मग कळेल.

५ फेब्रुवारी. प्रकाशा

झूम ७५वर. मागे मागे सरकत गेलो, तरी पायरी फोटोइतकी बारीक होईना. बापाच्या मावशीचा, तापीबाईचा ओटा ओलांडला, उतार संपला, बूट भिजले. गुडघाभर पाण्यात कुठे पायरी जुळली. म्हणजे नावेतून काढला! नाववाला!!

तापीबाई ओट्यावरून ओरडली — ‘येडा व्हयना का रे भाग्येश! बूट घालीसन आंग धुई ऱ्हायना का?’

कळस मात्र फोटोतल्यापेक्षा मोठा दिसतो. दिसू दे.

७ फेब्रुवारी

दोन दिवस नाववाले शोधतोय. एक म्हातारा भेटला, धुडकू आबा. फोटो बाजूलाच राहिला, त्याच्याकडून जाळं विणायला शिकत बसलो. दुपार गेली. उठताना विचारलं, तुमच्या नावेत कोणी कॅमेरावाला बसायचा?

‘मन्ही नावम्हा बकऱ्या बसेत, भाऊ.’

कंटाळा आला. अक्कलकुव्याच्या रस्त्याने परत गुजरातेत कुठेतरी निघून जावं. पण ते हसू खिशात आहे.

८ फेब्रुवारी. शहादा

कॅमेरे दुरुस्त करणारा जालमसिंग पोट धरून हसला. ‘पाण्यात उतरलास?’

त्याने माझी फिल्मची पट्टी टेबलावर ठेवली आणि शेजारी एक जुना चौकोनी निगेटिव्ह. केवढा मोठा! म्हणाला, आकडा तोच, पण मोठ्या फिल्मवर जास्त जागा मावते. तुझी बारकी फिल्म त्यातला मधलाच तुकडा घेते. चौकोनीवरचं ७५ म्हणजे तुझं पंचेचाळीसच्या आसपास.

म्हणजे मी उगाच लांब गेलो! लांबून पायरी बारीक झाली, मागचा कळस तेवढा झाला नाही. म्हणून कळस मोठा!

तसला जुना डबा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत म्हणे. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं.

९ फेब्रुवारी, रविवार. प्रकाशा

झूम पंचेचाळीसवर. सरकलो. पायरी जुळली, कळस जुळला. पाठीला भिंत लागली.

तापीबाईचा ओटा!

विचारलं, इथे बाहेरचं कोण बसायचं? ‘बाहेरना? मन्हा वटावर घरना माणूस बसस. बाकीनासले मी झाडू दाखाडस.’

घरचा कोण? बापाला मोबाईलचा कॅमेरासुद्धा उघडता येत नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी केळीत गेलो. बापाच्या हातात कॅमेरा दिला — माझा एक काढ.

त्याने डोळ्याला लावला नाही. पोटाशी धरला, मान खाली घातली. वरून काहीच दिसणार नव्हतं. तरी बराच वेळ बघत राहिला.