डक्टमधला आवाज

अब्बा, माझा व्हिसा कॅन्सल झाला. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतं, चूक कोणाची, आणि उत्तर न ऐकताच माझी ठरवून मोकळे झाला असतात. या वेळी चूक कोणाचीच नाही. आमची एसी मेंटेनन्सची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली. त्यांच्याकडे गिऱ्हाइकांच्या तक्रारी मशीन ऐकतं, मग फोनवर बसणाऱ्या माझी काय गरज? त्यांनी केक कापला, फोटो काढले, आणि सातवीनंतरचं सगळं आयुष्य ज्या आखातात काढलं तिथून निघायची मुदत माझ्या हातावर ठेवली. अम्मी रत्नागिरीहून रोज फोन करते. "खलास कर आता तिथलं. मी आहे तोवर ये," म्हणते. तिचं बरोबर आहे. पण तुम्हाला अल क्वोजच्या कबरस्तानात ठेवून ती परत गेली, ती मी इथे आहे या भरवशावर. मी गेले की तुमच्याकडे येणारं कोणी उरत नाही. आपल्या घरात या देशात कायमचं राहायची परवानगी एकट्या अब्बांनाच मिळाली, असं मी चेष्टेने म्हणायचे. हल्ली ती चेष्टा माझ्याच्याने करवत नाही.

तुमच्याबरोबर शुक्रवारी कामावर यायचे ते दिवस फार आठवतात. वर्कशॉपला सुट्टी, पण नव्या बिल्डिंगांच्या एसीची तपासणी तुम्ही त्या दिवशीच उरकायचात, घरं रिकामी असायची म्हणून. मला एका फ्लॅटमध्ये छतातल्या एसीच्या जाळीखाली उभी करून तुम्ही शेजारच्या फ्लॅटमध्ये जाता. मी मान वर करून उभी आहे. सगळीकडे नव्या रंगाचा वास, फर्निचर नाही, पडदे नाहीत, माझ्या चपलांचा आवाजसुद्धा भिंतींवरून परत येतो. तिकडे तुम्ही शिडीवर चढून जाळीला तोंड लावून विचारता, "ऐकू येतंय का गं?" बहुतेक वेळा काहीच ऐकू यायचं नाही, आणि तेच हवं असायचं. पण एकदा आलं. डक्टच्या पत्र्याला घासत, गार होत आलेला तो आवाज तुमचाच होता आणि तरी तुमचा नव्हता. मी भोकाड पसरलं. तुम्ही धावत आलात आणि जवळ घ्यायचं सोडून मलाच झापलंत. "रडतेस काय? दोन घरांची हवा वेगळी पाहिजे. इकडचा आवाज तिकडे गेला म्हणजे कुठेतरी फट आहे. फट दिसली की बुजवायची, खलास. त्यात घाबरायचं काय?" मग टेपचं बंडल आणायला मलाच खाली पिटाळलंत. घरी जाताना आपल्या करामा भागात टपरीवर उभ्या उभ्या दाट, कडक करक चहा पाजलात, तीच तुमची माफी असं मी धरून चालले.

तुमचा तो इंग्रज मॅनेजर तुम्हाला नक्की आठवत असेल. रजेवर जाणाऱ्या प्रत्येक माणसाला तो दारात थांबवून बजावायचा, सहा महिने व्हायच्या आत परत ये, नाहीतर व्हिसा मेला. आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. गावी कोणी कितीही आजारी असो, पाचवा महिना लागला की आपला माणूस बॅग भरायला घेतो. पण नेमका तो स्वतःच या हिशेबात चुकला. रिटायर होऊन नवराबायको स्पेनमध्ये घर घेऊन राहिली. पुढे इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडलं. आधीपासून तिथे राहणाऱ्यांचा हक्क शाबूत राहिला, फक्त ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ बाहेर राहायचं नाही. मग बायको गेली. तिला तिथेच पुरलं. ते घर त्याला खायला उठलं, म्हणून तो इकडे आला, जिथे दोघांची उमेदीची वर्षं गेली होती. आपल्यापासून दूर, दुसऱ्या शहरातल्या खलिफा सिटीत व्हिला भाड्याने घेतला आणि दुःखात दिवस मोजायचेच विसरला. स्पेनमधला हक्क गेला. आता बायकोच्या कबरीजवळ तो पाहुणा म्हणून जाऊ शकतो, दर सहा महिन्यांत फार तर तीन महिने.

हे सगळं त्याने मला फोनवरच सांगितलं, कारण त्याच्या व्हिलाची देखभाल आमच्याकडे होती आणि तो सारखी एकच तक्रार करायचा, वरच्या बेडरूमच्या एसीतून आवाज येतो. आमचे मेकॅनिक जाऊन आले, पुन्हा जाऊन आले, कोणाला काही सापडलं नाही. मी कोणाची मुलगी हे कळल्यापासून तो माझ्याशीच बोलायचा. गेल्या आठवड्यात, माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, आमचे साहेब म्हणाले, एकदा तू स्वतः जाऊन त्याची समजूत घाल, यल्ला, नीघ लवकर, ड्रायव्हरला घेऊन जा.

दुपारची वेळ होती. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं आणि त्या घरात हातमोजे घालावेत असा गारठा. फर्निचरवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या होत्या. वरच्या खोलीत एकच खुर्ची, ती बरोबर जाळीखाली. तो फार वाळलाय, अब्बा. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, वर बघत होता.

"बायकोला एवढंच टेंपरेचर लागायचं," तो म्हणाला. "ती इथून बोलते. परत कधी येतोस, विचारते."

मग त्याने सरळ मुद्द्याला हात घातला. त्याच्याकडे निवृत्त लोकांना मिळतो तो व्हिसा आहे. तो माझा व्हिसा काढायला तयार होता. "कागदावर घरकामाची बाई लिहावं लागेल, त्याबद्दल सॉरी. पण तू राहशील. दर शुक्रवारी वडिलांकडे जाशील." मग जाळीकडे बोट करून म्हणाला, "फक्त आधी मला सांग, तुलाही ऐकू येतं का? नसेल येत, तर माझा मुलगा म्हणतो तेच खरं, माझं डोकं फिरलंय. मग मी त्याच्याकडे इंग्लंडला जातो."

तो जिन्यात जाऊन बसला. मी खुर्चीवर बसले नाही, उभीच राहिले, मान वर करून. आधी नुसती हवा होती. मग पत्र्याला काहीतरी घासलं. आणि अगदी जवळून, गार, हळू आवाजात कोणीतरी विचारलं, "ऐकू येतंय का गं?"

त्या घरात, त्या परक्या शहरात, त्याच्या बायकोच्या जागी तुम्ही कसे? पण आवाजात तोच चढ होता, तीच घाई, शिडी हलत असताना बोलायची. पुन्हा विचारलंत. मला वाटलं, हो म्हणावं. घरकामाची बाई तर बाई, रोज या जाळीखाली उभं राहीन. आणि त्याच क्षणी मला पुढची सगळी वर्षं दिसली: तो म्हातारा आणि मी, आळीपाळीने त्याच एका खुर्चीवर, बाहेर ऊन, आत गारठा, दोघांच्या माना वर. तिकडे अम्मी फोन करतेय आणि आम्ही तिला गप्प बसायला सांगतोय, कारण ऐकू येत नाही.

मी बाहेर आले. "नो सर," मी म्हणाले. "कंप्रेसरचा आवाज आहे. आत काही नाही."

त्याने वर्कशॉपमध्ये रिपोर्ट ऐकल्यावर हलवायचा तशी मान हलवली. उठला, भिंतीवरचं बटण स्वतः बंद केलं. घर इतकं शांत झालं की मला त्याचा श्वास ऐकू आला. "थँक यू," तो म्हणाला. "तुझे वडीलही असंच स्पष्ट सांगायचे." परत येताना ड्रायव्हरने विचारलं, मॅडम, तबियत ठीक है? मी ठीक आहे म्हणाले. त्या म्हाताऱ्याचं मी चांगलं केलं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

उद्या माझं विमान आहे. सकाळी अल क्वोजला येऊन गेले, फातिहा वाचली, पण जाते असं म्हटलं नाही, आणि पुन्हा येते असंही नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, बॅगेतही नेणार नाही. करामातल्या खोलीत बसून लिहितेय, घामाने अक्षरं फुटतायत. मघाशी शेजारीण डोकावून गेली. "एसी खराब है क्या? किसी को बुलाऊँ?" मी नको म्हटलं. एसी चांगला चालू होतो, अब्बा. त्या दिवसापासून मीच बंद ठेवलाय, भर जुलैत. तुम्ही पुन्हा विचारलंत तर मी हो म्हणेन, आणि मग माझ्याने निघवणार नाही.