निळ्या रंगातली गल्ली

प्रिय बारक्या,

फोन हातात घेतला आणि परत ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला असता तर नेहमीसारखी तुझी थट्टा करून मोकळी झाले असते आणि बोलायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला अजून लागतं की नाही कोण जाणे. लहानपणी तुझा गृहपाठ मी लिहून द्यायचे तेव्हा मात्र बरोबर लागायचं.

नगरपालिकेचा हवामान कृती आराखडा तयार झाला हे तुला ठाऊक आहेच. वर्षभर मी दुसरं काही बोललेच नाही, तुझे कान किटले असतील. वाढत्या उन्हात शहराने कसं तगायचं, त्याचा तो आराखडा. झाडं कुठे लावायची, कुठल्या घरांच्या पत्र्यांना पांढरा रंग द्यायचा, म्हाताऱ्या माणसांना दुपारी टेकायला थंड दालनं कुठे उघडायची, हे सगळं एका नकाशावरून ठरलं. तापणारा भाग लाल, थंड भाग निळा. लाल भागाला सगळं मिळणार, निळ्याला काही नाही. तो नकाशा माझ्या विभागाचा. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आमची पाठ थोपटली, पेपरात फोटो आला. बाबांनी तो कापून तुझ्या दुकानात लावला, आणि तू त्याच्यासमोर दुरुस्तीला आलेला एक पंखा चालू करून ठेवलास, ताईच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून वारा घालतोय म्हणालास. तुझा नेम तसा चुकत नाही.

आपली गल्ली त्या नकाशात निळी आहे. नुसती निळी नाही, साऱ्या शहरात सगळ्यात थंड. हे मी तुला चहा पिताना कौतुकाने सांगितलं, तेव्हा तू शांतपणे म्हणालास, की एकदा दुपारी ये आणि वर पत्र्याखाली बसून बघ. मी हसले. हरकत असेल तर लेखी दे म्हणाले. वहिनी कप उचलून आत निघून गेली आणि बाबांनी भलताच विषय काढला. मला वाटलं, आपला विनोद जमला.

आता मोजणी कशी झाली ते ऐक, म्हणजे शिकलेली माणसं किती वेडी असतात ते कळेल. मोजणारी माणसं रस्तोरस्ती फिरणार, त्यांना ऊन लागू नये, म्हणून मोजणी सकाळीच उरकावी असं परिपत्रक निघालं. खाली सही माझी. ऊन मोजायचं, पण उन्हात जायचं नाही. सकाळी आपल्या गल्लीवर शीतगृहाच्या उंच भिंतीची सावली असते, त्यामुळे आकडे छान गार आले. दुपारी सूर्य ती भिंत ओलांडतो आणि मग दिवस मावळेपर्यंत पत्रे भाजत राहतात. मला हे माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू? त्याच पत्र्याखाली मी लहानाची मोठी झाले. पण लग्न झाल्यापासून मी घरी येते ती सुट्टीच्या दिवशी, सकाळची, आणि उन्हं चढायच्या आत निघते. तुमची मोजणीही मी सकाळीच करत आले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळायचं थांबलं आणि मला कळायचंही थांबलं.

पण हे सगळं मला सुचलं ते मंगळवारनंतर. त्या दुपारी मी वरिष्ठांबरोबर तळमजल्यावर घरपट्टीच्या कक्षात गेले होते. एरवी मी तिकडे फिरकत नाही. पाहते तर बाकावर बाबा. इस्त्रीचा सदरा, हातात टोकन. त्यांचा नंबर पुकारला गेला, ते उठले नाहीत. थोड्या वेळाने यंत्रापाशी जाऊन त्यांनी दुसरं टोकन घेतलं आणि परत त्याच जागेवर येऊन बसले. वरिष्ठ माझ्याशी काहीतरी बोलत होते. बारक्या, मी खांबाआड सरकले. त्यांनी मला हाक मारू नये म्हणून. माझ्या बापाने.

नंतर एकटी खाली आले तेव्हा ते गेले होते. तिथला वॉचमन नवा आहे, मला ओळखत नाही. म्हणाला, आजोबा रोज दुपारी येतात, घरात बसवत नाही म्हणतात. इथे गार असतं, आणि हातात टोकन असलं की कोणी उठवत नाही. मुलगी वर मोठी साहेब आहे म्हणे, पण तिला सांगू नका, तिला कमीपणा वाटेल, असंही आजोबांनी त्याला बजावलंय. तुला आणि वहिनीला हे ठाऊक असणारच. तुम्ही मला सांगितलं नाहीत, आणि का सांगितलं नाहीत तेही मला आता कळतं. तेव्हापासून आरशात बघायची लाज वाटते.

आराखडा पुढच्या सभेत मंजुरीला जाईल. एकदा मंजूर झाला की गल्लीला ना रंग, ना सावली, ना थंड दालन. नकाशा चुकलाय हे मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा मोजायचं तर रहिवाशांची हरकत लागेल, आणि निळ्या भागातून एकही आलेली नाही. कशी येईल? ज्याने तोंड उघडलं त्याला मीच हसून गप्प केलं होतं. म्हणून हे पत्र. शनिवारच्या आत ती हरकत लेखी दे. नकाशा सकाळचा आहे आणि आमचं घर दुपारी तापतं, एवढंच लिही, आणि परिपत्रकावर सही कोणाची होती तेही लिही. सभेत ती मी स्वतः वाचून दाखवीन. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घे, पण पहिली बाबांची. ते नाही म्हणतील. पोरीच्या विरुद्ध सही कशी करू म्हणतील. सांग, पोरीनेच मागितली आहे. तरीही ऐकलं नाही, तर सांग, त्या दुपारी खांबाआड ती उभी होती.

तुझीच, अजून मान वर न झालेली,
ताई