पुढपुढ्याचा बंदोबस्त

३ मार्च, सोमवार
आजपासून सूड. ठरलं.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड होणार नाही. आमच्या ॲपमधून, म्हणजे टॅबलेटवर, तुमच्या खऱ्या खोलीत आमचं खोटं कपाट उभं दिसतं. खरा माणूस त्याच्यापुढे आला, की तो आड येतो तेवढं कपाट झाकलं गेलं पाहिजे. ते झाकणं माझ्याकडे. काम चोख झालं की कुणाच्या लक्षातच येत नाही, हीच त्यातली गोम. आज मॅडम म्हणाल्या, कपाट अगदी खरं वाटतं. शेजारच्या टेबलावरचा पुढपुढ्या 'थँक्यू' म्हणाला. (मॅडमच्या पुढे पुढे करतो, म्हणून हे नाव. मीच ठेवलंय.) अरे, तू फक्त कपाटाचा रंग निवडलास!

आणि महिनाअखेरीस टीम लीडची जागा भरणार आहेत.

उद्यापासून त्याच्या हातचा चहा बंद.

४ मार्च
चहा घेतला. नाही म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता. बिस्किटंही त्याच कारणासाठी.

७ मार्च, शुक्रवार
सुचलं! कधी कधी स्वतःचंच कौतुक वाटतं. पुढपुढ्या प्रत्येक डेमोला तेच पिवळंधमक जाकीट घालतो. प्रोग्रॅमला शिकवायचं: हा पिवळा दिसला की समज, माणूस कपाटाच्या मागे आहे. म्हणजे साहेब पुढे पुढे करायला लागले की कपाट त्यांच्या अंगावर. पुढच्या शुक्रवारच्या डेमोत फर्निचर कंपनीच्या डायरेक्टरसमोर नामोनिशाण मिटणार. मग मी शांतपणे पुढे होणार, दोन बटणं दाबणार, सगळं ठीक. टीम लीड कोण, हे वेगळं सांगायला नको.

९ मार्च, रविवार
घरी चाचणी. बायकोला पिवळा टॉवेल पांघरायला लावून हॉलमध्ये उभं केलं. गायब! फक्त चपला उरल्या. तिने विचारलं, हे कशासाठी? म्हटलं, ऑफिसचं गुप्त काम. ती म्हणाली, गायबच व्हायचंय तर मग आजची भांडी मी घासत नाही. मुद्दा सोडून बोलते. भांडी मी घासली, पण डोक्यात सूडच होता.

१२ मार्च
पुढपुढ्याने विचारलं, डेमोसाठी काही मदत हवी का? काय हा ढोंगीपणा! मनातल्या मनात इतका हसलो की ठसका लागला. त्याने पाठ चोळून दिली. हेही लक्षात ठेवणार आहे.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळी
आज डेमो. आनंदाने हात थरथरतायत. चहा तेवढा सांभाळून

१४ मार्च, दुपारी
चहा शर्टावर सांडला. पुढपुढ्या धावत आला, स्वतःचं जाकीट काढून मला चढवलं, चेन पार गळ्यापर्यंत ओढली. म्हणाला, आज तूच पुढे उभा राहा, सगळं काम तुझंच आहे. मला एकदम भरून आलं. सूडबीड क्षणभर विसरलो. तेवढीच चूक झाली.

टॅबलेट डायरेक्टरसाहेबांच्या हातात. त्यांनी कौतुकाने आमचा फोटो काढला आणि विचारलं, अहो, तो मधला माणूस कुठे गेला? मी हात हलवले. कपाट ढिम्म. जाकीट काढावं तर चेन अडकलेली. साहेब म्हणाले, कपाट माणसाच्या अंगावर येतंय, एवढंही जमत नाही का तुम्हाला? मॅडमनी विचारलं, हा भाग कुणी केला?

पुढपुढ्याने ताबडतोब सांगितलं: पूर्ण, एकट्याने, यानेच केलाय.

चारचौघांत त्याने पहिल्यांदाच माझं श्रेय मला दिलं.

३१ मार्च
टीम लीड पुढपुढ्या. यात नक्की काहीतरी कट आहे. सूड सोडलेला नाही.

डेमोचा तो फोटो ऑफिसच्या भिंतीवर लावलाय. बायकोला मोबाइलवर दाखवला. डावीकडे मॅडम, उजवीकडे पुढपुढ्या, मध्ये कपाट. कपाटाखाली माझे बूट. तिने बोटांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, कपाट मात्र अगदी खरं वाटतं हं.

मी 'थँक्यू' म्हणालो.