अस्वलाच्या मुलखात सुकट

आई, मी अलास्कात आहे. तू असतीस तर "एवढ्या थंडीत मरायला कशाला गेलीस?" असंच म्हणाली असतीस. तुझ्या नातीनं आणलंय मला, भाड्याच्या कॅम्परमधून. म्हणजे मोटारीतच शेगडी, दोन बिछाने आणि इवलंसं न्हाणीघर. तिला इथे प्राण्यांच्या अभ्यासाची नोकरी मिळतेय, फोनसुद्धा लागत नाही अशा जागी. होकार कळवण्याआधी मला एकदा दाखवावं, म्हणून ही ट्रिप. मी मात्र तिचं मन वळवायलाच आले होते. एकुलती एक पोर. तिकडे आमच्या गावी, बॉथेलला, घराजवळ नोकऱ्या काय कमी आहेत!

पण काय मुलूख आहे गं हा! दिवसभर गाडी चालते आणि एक घर दिसत नाही. ऑगस्ट सरत आलाय, तर झुडपांच्या पानांनी डोंगरच्या डोंगर लाल झालेत. काही बोलायला तोंड उघडावं आणि तसंच मिटून घ्यावं. माझ्यासारखी बडबडी बाई गप्प बसलीय, तुझा विश्वास बसणार नाही.

काल संध्याकाळी नदीकाठी थांबलो. पोर दुर्बीण घेऊन बाहेर बसली. मला वाटलं, गरम भात आणि भाजलेली सुकट करावी. डबा मी घरून गुपचूप आणला होता. तव्यावर सुकट पडली आणि आपलं अलिबागचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. माझं अमेरिकेला जायचं ठरलं त्या दिवशी तू हेच करत होतीस. मी सांगितलं, तर वळून बघितलंसुद्धा नाहीस. "जा," म्हणालीस, "पण धड भात करायला शिकून जा." विमानतळावरही डोळे कोरडे ठणठणीत. तो राग मी तीस वर्षं धरून आहे, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात पोर आत आली, दार लावलं, खिडक्या ओढल्या. "आई, स्टोव्ह बंद. नाऊ." आणि मग अगदी हळू, "आता बघ."

झुडपांतून अस्वल येत होतं. केवढं ते! पाठीवरचे सोनेरी केस वाऱ्यानं हलत होते. गाडीजवळ येऊन ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि नाक वर करून आपल्या सुकटीचा वास घेऊ लागलं. भीती वाटत होतीच, पण नजर हटेना. देवासमोरही मी इतकी मुकाट कधी उभी राहिले नाही. पोर पुढच्या सीटवर सरकली. "सॉरी हं, राजा," असं त्याला म्हणाली आणि हॉर्न दाबला. ते खाली टेकलं, वळलं आणि आपल्याच चालीनं नदी ओलांडून गेलं.

मग पोरीनं माझी हजेरी घेतली. "व्हॉट वेअर यू थिंकिंग, आई? त्याला माणसांजवळ खायला मिळतं असं वाटलं ना, तर ते पुन्हा पुन्हा येतं आणि शेवटी त्यालाच मारतात!" रागावत होती, पण चेहरा कसा उजळला होता! घरी तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नाही. मी म्हटलं, "घे ती नोकरी." आणखी एक शब्द बोलले असते तर रडू फुटलं असतं. ती गळ्यात पडली, तर "पुरे, हातांना वास येतोय" म्हणत मी न्हाणीघरात शिरले आणि तिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून रडले.

आज सकाळी गाडीतली पाण्याची टाकी रिकामी. "आई, एवढं पाणी गेलं कुठे?"

"तवा घासला," मी म्हटलं.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? तरी तुला सांगते. त्या दिवशी तू "जा" म्हणालीस, त्यानंतर मोरीतला नळ कितीतरी वेळ वाहत होता. मला वाटलं होतं, तू भांडी घासतेयस.