मामांच्या गोठ्यावर धरलेला नेम

कृष्णाकाठ, श्रावण, १९७५

तीर्थस्वरूप मानसिंगमामांच्या चरणी जावई लालासाहेबाचा दंडवत. इकडे सर्व ठीक. तिकडेही खुशाल असाल असं लिहायची रीत आहे, पण मामा, मला काहीच ठाऊक नाही आणि जीव थाऱ्यावर नाही. बनुबाई पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडे आली आणि लगेच कृष्णा फुगली. पूल पाण्याखाली, नाव झाडाला बांधलेली, टपाल बंद. दिवस तर केव्हाच भरले. मी घाटावरून घसा फोडून विचारतो, तुम्ही पलीकडून हात हलवता. पण मामा, तुम्ही म्हशीलाही तसाच हात हलवता. त्यातून मी काय समजायचं?

म्हणून निरोप पलीकडे डागायचं ठरवलं. (तोफखान्यात काढलेली वर्षं काय नुसत्या मिशा वाढवण्यात गेली?) उपसा योजनेचा जुना पाइप, वेल्डिंगवाल्याकडचं कार्बाइड, थोडं पाणी आणि काडी. आतला वायू पेटला की तोंडाशी जे असेल ते सुटतंच. आमच्या मातोश्री बयाबाई लांबूनच म्हणाल्या, "आरं, पोराचं त्वांड बघायच्या आदी बापच उडून जायाचा!"

पहिल्यांदा कांदा भरला. तो पाइपातच चिरला गेला आणि जमलेल्या सगळ्या गावाच्या डोळ्यांना पाणी आलं. (मातोश्री म्हणतात, ते माझी कीव येऊन.) मग कवठ घातलं. कवठ पुढं गेलं, तोफ मागं आली, आणि दोघांत लांब गेली ती तोफ. चुलतभाऊ जोतीराम मागं उभा होता, तो तोफेसकट उकिरड्यात. तिथूनच ओरडला, "गड्या, जोर लय हाय, पर त्वांड उलटं हाय!"

मग तोफ वाळूच्या पोत्यांत पुरली आणि दुधी भोपळा भरला. मामा, काय सांगू! धडाका झाला, भोपळा डोळ्यांना दिसायच्या आत नदी ओलांडून तुमच्या उसात. पलीकडचा ऊस हललेला बघितला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कांदा नसताना. ज्ञानू सुतारानं त्याच दुपारी बाभळीचा गोळा पोखरून दिला. आत कागद मावतो, तोंडाला मेण. कागद वाढला की गोळा जड होतो, म्हणून आवरतं घेतो. सासूबाईंना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
लालासाहेब

ता.क. हे पत्र पोस्टमननं आणलेलं नाही, हे गोठ्याच्या पत्र्याला पडलेल्या भोकावरून ध्यानात आलंच असेल. नेम मुद्दाम गोठ्यावर धरला. घरावर धरायची छाती झाली नाही. पत्रा बदलून देईन. म्हशीनं दूध चोरलं तर तिचीही समजूत मीच काढीन.

दुसरा ता.क. उत्तर कागदावर नको. (तुमच्याकडे तोफ नाही.) मुलगा झाला असेल तर दारातल्या दोरीवर तुमचा फेटा टाका, मुलगी असेल तर बनुबाईचं हिरवं लुगडं. तुमचं दार इथून दिसतं.

शेवटचा ता.क. मामा, फेटा काय आणि लुगडं काय, मला दोन्ही सारखंच. पण जे टाकाल ते बनुबाईच्या हातानं टाका. ओल्या बाळंतिणीनं वाऱ्याला येऊ नये, हे मातोश्री बजावून सांगतायत. उंबऱ्यापर्यंत आली तरी पुरे. मी घाटावरच बसलोय. ती दारात उभी दिसली, की बाकीचं पूर ओसरल्यावर कळलं तरी चालेल.