राखीव माणूस

नागोया, ६ जून २००५
कारखान्यातून येणाऱ्या संगणकाच्या तक्रारी वाटून देणे, एवढेच माझे काम. त्यासाठी मी केलेला नियम आजपासून लागू! हिशेबाची तक्रार हरीशकडे, गोदामाची कौमुदीकडे. रांग असली तरी तिथेच. शैलजाताईंना सगळेच थोडेथोडे येते, म्हणून त्यांना मोकळे ठेवायचे — जे दोघांनाही सुटणार नाही त्यासाठी. आजवर जो रिकामा त्याला काम जाई, आणि अडचणीच्या वेळी ताई नेमक्या कुठेतरी गुंतलेल्या असत.
"म्हणजे मी नुसतं बसायचं?" ताई.
"हो," मी म्हटले.

१० जून
तक्रारी भराभर सुटत आहेत. हरीश म्हणतो, "ताई, लोकर आणून देऊ? माझा स्वेटर तरी होईल!"

१४ जून
आमचे विभागप्रमुख ओगावासान आज दोनदा ताईंच्या टेबलाशी थबकले. इथे काम नसले तरी माणसे फायली सरळ करतात, टेबल पुसतात. रिकामी दिसत नाहीत. ताई निवांत चहा घेत बसल्या होत्या — माझ्या सांगण्यावरून. हे मला आधी कसे सुचले नाही!

१७ जून
महिनाअखेर आमच्यातला एक माणूस कमी करायचा आहे. "शैलजासान बसूनच असतात," ओगावासान म्हणाले. ताईंच्या यजमानांची, जयप्रकाशरावांची, नोकरी गेल्या वर्षी सुटली. ताईंच्या नोकरीवरच त्या तिघांचे इथले राहणे आहे. मुलगी अबोली इथल्या शाळेत सहावीत. मराठीत विचारले तरी जपानीत उत्तर देते. परत जावे लागले तर ठाण्याच्या शाळेत तिचे काय होईल?
बैठकीत मी तोंड उघडले नाही. मला उत्तरे नेहमी कागदावरच आली.

२१ जून
"दे ना गं काहीतरी, दिसायला तरी!" ताई म्हणाल्या. मी नियम मोडला. हिशेबाच्या किरकोळ तक्रारी त्यांच्याकडे वळवल्या. दुपारी गोदामातली लेबले छापणे बंद पडले, कौमुदीला कारण सापडेना. ताई फोनवर कुणाला तरी पासवर्ड बदलून देत होत्या. मालाच्या गाड्या खोळंबल्या. वाकून क्षमा मागितली ती ताईंनी. मी नुसती शेजारी उभी!

२२ जून
ओगावासानना सांगितले. जपानीत, उभ्याने, कागदाविना. चूक माझी, ताई रिकाम्या दिसतात तेव्हाच त्या खऱ्या कामावर असतात. त्यांनी शांतपणे ऐकले. "तरी एक नाव द्यावेच लागेल."
वाटपाचा नियम आता कुणीही चालवू शकेल. मी माझे नाव दिले.
ताईंना अजून ठाऊक नाही. "आज काय काम देतेस?" म्हणाल्या.
"काही नाही, ताई. बसा."