ठमे, बंद कर ते!

१ मार्च, रविवार

बाबांनी आज विचारलं, "बाई, घरी तुमची वाट बघणारं कोणी नाही का? सुट्टीच्या दिवशीसुद्धा येता!"

आठ महिने झाले. आधी माझं नाव विसरले, मग नातं. आता मी 'बाई', नाहीतर 'सिस्टर'. पोटच्या मुलीला अहो-जाहो करतात. सूप भरवून झालं की हात जोडतात. मला त्या हात जोडण्याची इतकी चीड येते! त्यापेक्षा वाटी फेकून मारली असती तर बरं.

पण आज भलतंच झालं. दुपारी खाली गॅरेजमध्ये गेले होते. गाडी विकून दहा वर्षं झाली, आता तिथे नुसती अडगळ. मांडणीवरून रंगाचा एक रिकामा डबा ओढला आणि सगळेच धडाधड अंगावर आले. कानठळ्या बसल्या. तोच वरून जमिनीवर काठी आपटल्याचा आवाज — ठक ठक ठक!

"ठमे! बंद कर ते! वर क्लास चालू आहे!"

ठमे म्हणजे मी. हे नाव फक्त बाबांचं, आणि तेही रागावले की.

मी थिजले. मग एक डबा उचलला आणि मुद्दाम भिंतीवर हाणला. पुन्हा काठी. "कार्टे, येऊ का खाली?" बावन्न वर्षांची बाई मी, डबा पोटाशी धरून हमसून हमसून रडले. मग आणखी दोनदा हाणला.

२ मार्च, सोमवार

लॅबमध्ये सात कवळ्या. एक तर डॉक्टरांनी तिसऱ्यांदा परत पाठवली — पेशंट म्हणे चावताना टकटक वाजते. वाजू दे की! स्वतःचे दात होते तेव्हा काय बासरी वाजायची?

दिवसभर डोक्यात तेच. बाबांच्या लेखी मी अजून अठरा वर्षांची आहे आणि खाली गॅरेजमध्ये बँड वाजवते आहे. वरच्या खोलीत मी नाहीच. तिथे ही बाई.

संध्याकाळी चष्म्याला फोन केला. बँडमध्ये आम्ही तिघं — चष्मा गिटार वाजवायचा आणि गायचा, मी बेस गिटार, ठोक्या ड्रम. दोन वर्षं वाजवलं. धड गाणं एकच येत होतं, चष्म्याने लिहिलेलं, त्यात शाळा जळो आणि घंटा गळो असं काहीतरी होतं. आता चष्मा विमा विकतो, पोट सुटलंय.

सगळं सांगितलं. हसायला लागला. "म्हणजे चौतीस वर्षांनी पुन्हा तुझ्या बाबांच्या शिव्या खायच्या? येतो की!" मग म्हणाला, "पण ठोक्याशिवाय काय डबे बडवायचे?"

मी विषय बदलला.

५ मार्च, गुरुवार

लिहून टाकते एकदाचं.

आमची स्पर्धेसाठी निवड झाली होती. आठ दिवस उरले होते. परीक्षेला महिना. मी दोन दिवस मामाकडे गेले, आणि परत येऊन बघते तर गॅरेजमधला ॲम्प्लिफायर गायब, माझी बेस गायब. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच — एक आमच्या घरात, दुसरी ठोक्याकडे, कारण तो लवकर येऊन सराव करायचा. त्याच्या घरी खायचे वांधे. आणि त्याचे ड्रम मात्र जागच्या जागी!

चष्म्यादेखत, बाबांदेखत मी त्याला म्हणाले, "चोर आहेस तू."

तो एक अक्षर बोलला नाही. किल्ली पायरीवर ठेवली आणि गेला. बाबा म्हणाले, पोलिसात जायचं नाही, पोराच्या आयुष्याचं वाटोळं होईल. केवढं मोठं मन, असं मला तेव्हा वाटलं. ठोक्याला ते गणित फुकट शिकवायचे. पुढे तो क्लासलाही आला नाही. बँड तिथेच संपला.

चष्म्याने नंबर पाठवलाय. आज तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला. चोरी त्याने केली आणि लाज मला का वाटावी?

६ मार्च, शुक्रवार

केला फोन. "मी बोलतेय," म्हटलं. "ओळखलं," म्हणाला.

बाबांचं सांगितलं. तो ऐकत होता, मागे कसलीतरी मोटर घरघरत होती. लिफ्ट दुरुस्त करतो तो आता. माझं संपल्यावर एवढंच म्हणाला — "रविवारी किती वाजता?"

त्या गोष्टीबद्दल ना तो बोलला, ना मी.

८ मार्च, रविवार

आले दोघं! ठोक्या पूर्ण पांढरा झालाय. चष्म्याने भाच्याचा ॲम्प्लिफायर आणला, माझ्यासाठी कोणाकडून तरी बेस मागून आणली. ठोक्या ड्रम टेम्पोतून घेऊन आला आणि एकटाच उतरवत बसला. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे. तुझी पाठ दुखते ना, चालताना दिसतंय." मला कुठे बघावं कळेना.

वाजवलं काय! चष्मा तिसऱ्या ओळीलाच धापा टाकायला लागला. माझी बोटं लाकडाची. ठोक्या एकटा बरा, पण आमच्यामुळे तोही खड्ड्यात. आणि दीड मिनिटात वरून — ठक ठक ठक!

"ठमे! बंद कर ते! आणि तो ठोक्या आहे ना खाली? त्याला सांग, उदाहरणं सोडवल्याशिवाय हात लावायचा नाही!"

ठोक्या बसल्या जागी ताठ झाला आणि ओरडला, "हो सर!" आपोआपच निघालं त्याच्या तोंडून. मग आम्ही तिघं पोट धरून हसलो. हसता हसता ठोक्याने बाहीने डोळे पुसले.

नंतर मी 'बाई' होऊन वर गेले. बाबांचे गाल लाल. दोन वाट्या सूप आणि अख्खं अंडं खाल्लं. म्हणाले, "आमची कार्टी हो. डोकं आहे तिला, पण नादिष्ट." डोकं आहे! हे मला आयुष्यात कधी तोंडावर म्हणाले नाहीत.

१५ मार्च, रविवार

बोटांना फोड आलेत. आज तीन वेळा 'ठमे' झालं.

२० मार्च, शुक्रवार

दोन रात्री झोप नाही. बाबा उठतात, चादर ओली असते, मला बघून घाबरतात. सकाळी लॅब. आज मेणात दात बसवताना डुलकी लागली आणि वरचा सुळा खालच्या जबड्यात लावला. बरोबरची पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, हा कोणाचा पेशंट? वाघ?"

दिवसा बाबांजवळ बसणाऱ्या मावशी म्हणतात, "ताई, तुमचा बँड औषधापेक्षा भारी. सोमवारी, मंगळवारी नीट जेवतात. बुधवारपासून पुन्हा तोंड मिटून. पण रविवारी मला बोलावू नका हां, माझं डोकं उठतं!"

म्हणजे मी फक्त दीड-दोन दिवस मुलगी असते. बाकी आठवडा नोकरीवर.

२९ मार्च, रविवार

आज कधी नव्हे ते जमलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न अडखळता! चष्मा घरी रियाज करत होता म्हणे, बायकोची बोलणी खाऊन. ठोक्याने शेवटचा ठोका दिला आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. आणि वरून — काही नाही.

पुन्हा वाजवलं. नाही.

मी धावत वर गेले, म्हटलं काही झालं की काय. बाबा खिडकीकडे बघत शांत बसलेले. म्हणाले, "बाई, कोणीतरी रेडिओ लावलाय, छान आहे. पण आमची पोरं आज आली नाहीत. ठमी कुठे गेली?" आणि रडवेले झाले. सुपाला हात लावला नाही.

खाली येऊन सांगितलं. चष्मा भडकला — "आयुष्यात पहिल्यांदा बरा वाजलो, त्याचं हे!" ठोक्या शांतपणे म्हणाला, "मग वाईट वाजवू या. त्याला फार सराव लागणार नाही."

५ एप्रिल, रविवार

लागला की सराव! मुद्दाम चुकायचं म्हणजे सोपं नाही. चष्म्याने तारा उतरवल्या, मी एक सूर मागे, आणि ठोक्या तर असा सुटला की बाहेर कुत्री भुंकायला लागली. पाचव्या प्रयत्नाला जुना गोंधळ हुबेहूब जमला. ठक ठक ठक! "ठमे! गाढवांनो! परीक्षा तोंडावर आली!"

चष्म्याने मला मिठी मारली. ठोक्याने लांबूनच अंगठा दाखवला. तो नेहमी लांबच असतो. चहासुद्धा दारात उभा राहून पितो, मी आत बोलावलं तरी. पायरीशी आला की अजून थबकतो. माफ केलंय मी त्याला, हे एकदा सांगायला हवं. एवढी वर्षं झाली, पोर होता, गरज होती.

८ एप्रिल, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

आज अर्धी रजा घेतली होती. दुपारी बाबांना सूप भरवत होते. बरे होते, बोलत होते. एकदम म्हणाले, "बाई, तुम्ही परक्या, म्हणून सांगतो. कोणापाशी बोलू नका. मी एक वाईट काम केलंय."

मी म्हटलं, "काय केलंत?"

"ठमीचं ते वाद्य. आणि तो मोठा खोका. मीच विकला. ती मामाकडे गेली होती, टेम्पो बोलावला आणि दिला पाठवून. नापास झाली असती हो! आई नाही पोरीला. मला भीती वाटली." मग माझा हात धरला. "नाव मात्र त्या पोरावर गेलं. माझ्यासमोर ती त्याला चोर म्हणाली. मी गप्प बसलो. चांगला पोरगा होता. गणितात पैकीच्या पैकी घ्यायचा."

चमचा माझ्या हातात तसाच. सूप त्यांच्या शर्टावर सांडलं. आणि त्यांनी काय करावं? हात जोडले! "माफ करा बाई, माझ्यामुळे तुम्हाला त्रास."

ओरडावंसं वाटलं. गदागदा हलवावंसं वाटलं. पण भांडू कोणाशी? ज्याने केलं तो माणूस आता या घरात नाही. आणि जिच्या बाबतीत केलं, ती त्याच्या लेखी खाली गॅरेजमध्ये आहे. मी शर्ट बदलला, तोंड पुसलं, उशी सरळ केली.

मोठं मन म्हणे. पोलिसात जायचं नाही म्हणे!

आणि मी त्याला माफ करायला निघाले होते.

९ एप्रिल, गुरुवार

आज त्यांच्या खोलीत गेले नाही. मावशींनीच भरवलं.

१२ एप्रिल, रविवार

सांगायचं ठरवून बसले होते. ते दोघं आले, वाजवलं. वरून "ठमे!" आलं. मला वाटलं होतं, आता काही वाटणार नाही. पण तेवढ्यानेच हरखले, नेहमीसारखी. स्वतःचाच राग आला.

ठोक्या ड्रमवर चादर घालत होता. मी जवळ गेले. म्हणाला, "काय गं, चेहरा उतरलाय. सर बरे आहेत ना?" सरांची काळजी! त्याला!

"बरे आहेत," म्हटलं आणि चहाचे कप उचलले. उद्या तो लॅबच्या मागच्या इमारतीत लिफ्टच्या कामाला येणार आहे. उद्या सांगेन. मग पुढच्या रविवारी तो आला नाही, तर तेही बरोबरच. बाबांचं जेवण सुटेल, माझं 'ठमे' जाईल. जाऊ दे. चौतीस वर्षं त्याने भोगलं, आता आमची पाळी.

१३ एप्रिल, सोमवार

सांगितलं. उघड्या लिफ्टसमोर, जिन्यात उभं राहून. चोर तू नव्हतास, बाबा होते, असं एका दमात.

तो हात पुसत राहिला. म्हणाला, "माहीत आहे. तो खोका सरांना एकट्याला उचलला असता का? टेम्पोत मीच चढवून दिला. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले होते."

मी म्हटलं, "मग मी चोर म्हणाले तेव्हा तरी बोलायचं होतंस!"

"कसं बोलणार? तू रडत होतीस आणि सरांनी तुला जवळ घेतलं होतं. दोन वर्षं तुमच्या घरी येत होतो, तसं त्यांनी तुला घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं."